खिडकीपलीकडचा विद्यार्थी

आंतरराष्ट्रीय शिक्षणाच्या परिषदेला कोणी जायचे, हा प्रश्न आमच्या विद्यापीठात आजवर कोणी विचारलाच नव्हता. परिषद म्हटली की अधिष्ठाता, संचालक किंवा एखादे विभागप्रमुख जाणार. आम्ही शिक्षकेतर कर्मचाऱ्यांनी त्यांच्या दौऱ्याची टिपणी तयार करायची, नोंदणी शुल्काचा धनादेश वेळेत निघतो की नाही हे पाहायचे आणि ते परतल्यावर प्रवास भत्त्याचे देयक तपासून पुढे पाठवायचे, हे इतके अंगवळणी पडले होते की त्यात कोणाला काही खटकतही नसे. यंदा मात्र परिषदेच्या तारखांनाच संचालकांना दुसरी महत्त्वाची बैठक आली, शुल्क आधीच भरलेले होते, आणि परदेशी विद्यार्थी कक्षाची कक्ष अधिकारी म्हणून माझे नाव पुढे गेले. दुसरी जागा रिकामी होती. त्या जागेसाठी मी आमच्या वसतिगृहाच्या अधीक्षकांचे नाव सुचवले आणि ते मान्य झाले. कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावरून पहाटेच्या एस.टी.ने आम्ही दोघे पुण्याला निघालो, तेव्हा एकूण छत्तीस वर्षांच्या आमच्या दोघांच्या नोकरीतली ती पहिलीच परिषद होती.

माझ्या टेबलावर काय चालते ते थोडे सांगायला हवे, कारण परिषदेत मी जे ऐकले ते सगळे मी या टेबलाच्या अंगाने ऐकले. परदेशातून एखादा विद्यार्थी आमच्याकडे प्रवेशासाठी अर्ज करतो, तेव्हा त्याच्या शालान्त प्रमाणपत्राची आपल्या बारावीशी समकक्षता आहे का हे पाहावे लागते. त्यासाठी समकक्षतेचे प्रमाणपत्र लागते. शिष्यवृत्तीवर येणारे विद्यार्थी बहुधा भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेमार्फत येतात, त्यांच्या कागदांची वाट वेगळी असते. विद्यार्थी आला की तेव्हाच्या नियमांप्रमाणे संस्थेने त्याची माहिती ‘फॉर्म एस’मध्ये भरायची, ज्या वसतिगृहात तो उतरला त्याने २४ तासांच्या आत त्याच्या मुक्कामाची खबर देणारा ‘फॉर्म सी’ भरायचा, आणि व्हिसा १८० दिवसांहून अधिक मुदतीचा असेल तर १४ दिवसांत त्याची परकीय नागरिक म्हणून नोंदणी व्हायला हवी, जी आपल्यासारख्या जिल्ह्यात पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असते. नेपाळ आणि भूतानच्या विद्यार्थ्यांना व्हिसा लागत नाही, म्हणून त्यांचे काम सोपे असावे असे वाटते. तसे ते नसते, कारण सोपे आहे असे समजून सगळेच त्यांच्याकडे दुर्लक्ष करतात.

हे सारे कोठेही एका जागी लिहिलेले नव्हते. माझ्या आधी या कक्षात जे वरिष्ठ लिपिक होते, त्यांना ते सगळे तोंडपाठ होते. कोणत्या देशाची परीक्षा कोणत्या मंडळाची, कोणते प्रमाणपत्र मूळ भाषेसह अनुवादित लागते, कोणाला दूरध्वनी केला की काम होते, हे त्यांच्या डोक्यात होते. त्यांची बदली झाली आणि ते ज्ञानही त्यांच्याबरोबर दुसऱ्या विभागात गेले. त्यानंतरच्या पहिल्याच वर्षी पूर्व आफ्रिकेतून आलेल्या एका विद्यार्थ्याच्या समकक्षतेची फाईल आमच्याकडे सात आठवडे पडून राहिली. एका जोडपत्रासाठी ती अडली होती, आणि ते जोडपत्र मागायचे कोणाकडे हेच आम्हाला कळत नव्हते. तो मुलगा रोज सकाळी अकराच्या सुमारास खिडकीशी यायचा, ‘गुड मॉर्निंग मॅडम’ म्हणायचा, उत्तर ऐकायचा आणि शांतपणे परत जायचा. त्याचे एक सत्र वाया गेले. दोष आमच्या कक्षाचा होता, आणि फाईलवर सही माझी होती. तो एकदाही रागावला नाही, आणि मला अजूनही सर्वांत जास्त बोचते ते हेच.

परिषदेचा पहिला दिवस भाषणांचा होता. आकडे मांडले गेले, आणि ते महत्त्वाचे आहेत यात शंका नाही. २०२४ मध्ये परदेशांत शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या १३ लाखांहून अधिक होती. उलट भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी २०२१-२२ च्या सर्वेक्षणात ४७ हजारांच्या आसपास होते, आणि त्यांत सर्वांत मोठा वाटा नेपाळचा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही दरी कमी करण्याचे ध्येय ठेवले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये प्रत्येक विद्यापीठात आंतरराष्ट्रीय व्यवहार कार्यालय असावे असे सुचवले, २०२२ मध्ये परदेशी विद्यापीठांबरोबर संयुक्त आणि दुहेरी पदवी देण्याचे नियम केले आणि २०२३ मध्ये परदेशी विद्यापीठांना येथे शाखा काढण्याची वाट मोकळी केली. वक्ते विद्वान होते. पण दिवसभरात सामंजस्य करार हा शब्द जितक्या वेळा उच्चारला गेला, त्याच्या दशांशानेही तो करार झाल्यावर येणाऱ्या विद्यार्थ्याची गुणपत्रिका कोण वाचणार, हा प्रश्न निघाला नाही. संध्याकाळी अधीक्षक मला म्हणाले, “मॅडम, सगळं विमानतळापर्यंतच झालं. पोरगं कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर पुढं काय, ते कुणीच सांगेना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ज्या कार्यशाळेत बसले, तिने मात्र माझे पैसे, म्हणजे विद्यापीठाचे पैसे, पुरते वसूल झाले. विषय होता गुणपत्रिका आणि श्रेयांक, म्हणजे क्रेडिट. शिकवायला जर्मनीतल्या एका विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयातील अधिकारी बाई होत्या, प्राध्यापक नव्हत्या. त्यांनी आरंभीच दोन गुणपत्रिका समोर ठेवल्या. एकीवर १.३ असे लिहिलेले होते, दुसरीवर ३.७. दोघांपैकी हुशार कोण, असे त्यांनी विचारले. खोलीतल्या आम्हा बहुतेकांची नजर ३.७ कडे गेली, कारण आपल्याकडे मोठा आकडा म्हणजे मोठे यश. जर्मनीत १ हा सर्वोत्तम असतो आणि ४ ही उत्तीर्णतेची शेवटची पायरी. १.३ मिळवणारा विद्यार्थी तेथे फार वरचा असतो. इटलीत एका परीक्षेचे गुण ३० पैकी असतात आणि १८ ला उत्तीर्ण. ब्रिटनमध्ये ७० टक्क्यांना प्रथम वर्ग, आणि ७० मिळवणारा मुलगा तेथे अभिमानाने घरी जातो. आपल्याकडच्या पालकाला ७० म्हटले की तो ‘आणखी थोडे कमी पडले’ असे म्हणतो. आकडा तोच असला तरी त्याचे वजन गावोगावी बदलते, आणि ते वजन ठाऊक नसलेला लिपिक एखाद्या मुलाला केवळ अज्ञानापोटी नापास ठरवू शकतो.

मग त्यांनी आपल्याकडून जर्मनीत जाणाऱ्या मुलांचे गुण कसे बदलतात ते फळ्यावर मांडले, आणि ते मी येथे मुद्दाम सविस्तर लिहिते. जास्तीत जास्त गुणांतून विद्यार्थ्याचे गुण वजा करायचे, त्याला जास्तीत जास्त आणि उत्तीर्णतेचे किमान गुण यांच्यातील फरकाने भागायचे, आलेल्या संख्येला ३ ने गुणायचे आणि त्यात १ मिळवायचा. समजा, कोल्हापूरच्या एखाद्या मुलीला १०० पैकी ७० गुण आहेत आणि उत्तीर्ण होण्याची मर्यादा ४० आहे. तिचा जर्मन श्रेणीतला आकडा २.५ येतो. आता तिच्या गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला उत्तीर्णतेची मर्यादा छापलेलीच नाही, आणि तेथल्या अधिकाऱ्याने ती ५० असावी असे गृहीत धरले, तर तोच आकडा २.८ होतो. मुलगी तीच आणि उत्तरपत्रिकाही तीच. एक ओळ छापायची राहिली म्हणून ती रांगेत मागे गेली. ज्या अभ्यासक्रमाला २.५ ही प्रवेशाची अट असते, तेथे ती दारातूनच परत फिरते, आणि आपण का परत फिरलो हे तिला कधी कळतही नाही. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर आमच्या परीक्षा विभागात छापल्या जाणाऱ्या गुणपत्रिकेची मागची बाजू आली. ती कोरी असते.

श्रेयांकांचे गणितही असेच होते. युरोपात एका शैक्षणिक वर्षाचे ६० श्रेयांक असतात, आणि एक श्रेयांक म्हणजे व्याख्यान, अभ्यास, परीक्षा सारे धरून विद्यार्थ्याच्या २५ ते ३० तासांचे काम. आपल्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात वर्षाला १,२०० तासांचे ४० श्रेयांक धरलेले आहेत. म्हणून तिकडून ३० श्रेयांक घेऊन आलेला विद्यार्थी आमच्याकडे दीड सत्राचे काम करून आला असे दिसते, प्रत्यक्षात त्याने एकच सत्र पूर्ण केलेले असते. बाईंनी दिलेली कसोटी साधी होती. श्रेयांक मोजू नका, तो वर्षाचा कितवा भाग आहे ते पाहा. त्यांच्याकडच्या ६ श्रेयांकांचा विषय वर्षाचा दहावा भाग, आपल्याकडच्या ४ श्रेयांकांचा विषयही वर्षाचा दहावा भाग. मी ते वहीत लिहून त्याभोवती चौकट काढली.

दुपारच्या चहाला मी त्यांना गाठले. त्या एकाच कार्यालयात एकोणीस वर्षे होत्या. तुम्ही या कामात किती वर्षे आहात, असे त्यांनी मला विचारले, आणि मी सांगितले की येथे तीन वर्षे, त्याआधी परीक्षा विभागात, त्याआधी लेखा विभागात, आणि पुढच्या वर्षी बहुधा पुन्हा बदली. त्यांना ते नीट समजले नाही असे वाटून मी पुन्हा सांगितले. समजले होते. त्यांना आश्चर्य वाटले होते ते बदलीचे नव्हते. जाताना मी माझे काम कोणाला शिकवून जाणार आहे, असा त्यांचा प्रश्न होता, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

अमेरिकेतली नाफ्सा ही या क्षेत्रातली मोठी संघटना १९४८ मध्ये सुरू झाली, तेव्हा तिच्या नावातच ‘परदेशी विद्यार्थ्यांचे सल्लागार’ असे शब्द होते. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे येऊ लागलेल्या परदेशी मुलांची विचारपूस करणाऱ्या लोकांना आपापसांत बोलण्याची गरज वाटली, म्हणून ती निघाली. युरोपात तशी संघटना १९८९ मध्ये झाली. म्हणजे ज्या परिषदांना आज कुलगुरू आणि मंत्री जातात, त्यांचे मूळ खिडकीपाशी बसणाऱ्या माणसाच्या अडचणींत आहे. आपल्याकडे परिषद आली, पण खिडकीपाशी बसणारा माणूस तिच्याबाहेर राहिला. मला हे चुकीचे वाटते, आणि हे मी कोणाच्या पदाचा मान कमी करण्यासाठी म्हणत नाही. अधिष्ठात्यांनी जावे, जरूर जावे. पण सोबत तो लिपिकही गेला पाहिजे, ज्याच्या हातातून तो कागद शेवटी जाणार आहे.

संध्याकाळी विद्यार्थी कल्याणावर चर्चासत्र होते. समुपदेशन, मानसिक आरोग्य, सांस्कृतिक जुळवणी अशा विषयांवर बोलून झाल्यावर अधीक्षक उठले. इंग्रजीत बोलायची सवय नसल्याने त्यांनी मराठीत बोलण्याची परवानगी मागितली, आणि शेजारी बसलेल्या एका तरुण प्राध्यापकाने त्यांच्या बोलण्याचा अनुवाद केला. ते म्हणाले की नव्याने आलेल्या मुलाची पहिली रात्र सांभाळली की पुढची तीन वर्षे सांभाळता येतात. एकदा रात्री दोन वाजता मलावीहून आलेला एक विद्यार्थी बसस्थानकावर उतरला. तो दुसऱ्या दिवशी येणार असे आम्ही धरून होतो; विमानाची वेळ त्याने कळवली नव्हती आणि आम्ही विचारली नव्हती. रिक्षावाल्याने त्याला वसतिगृहावर आणून सोडले. पहारेकऱ्याने नियमाप्रमाणे आधी कागद मागितले, तेव्हा अधीक्षक उठून आले आणि म्हणाले, “पोरगं जेवलंय का ते आधी बघ, कागद सकाळी बघू.” त्यांच्या घरी उरलेली भाकरी आणि आमटी त्याने खाल्ली. ‘फॉर्म सी’ सकाळी नऊला भरला गेला, २४ तासांच्या कितीतरी आत. सभागृहात कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण बऱ्याच जणांनी लिहून घेतले.

त्या सभागृहात ते जे बोलले ते त्यांचे एकट्याचे शहाणपण नव्हते, ते आमच्या गावाचे आहे, असे मला त्या वेळी वाटले. दसरा चौकात उभे राहिले की चहूबाजूंना जी वसतिगृहे दिसतात, ती राजर्षी शाहू महाराजांनी उभी केलेल्या किंवा उभी राहायला मदत केलेल्या परंपरेतली आहेत. व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग १९०१ मधले, त्यापाठोपाठ जैन, लिंगायत, मुस्लिम आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. खेड्यातून, डोंगरातून येणाऱ्या मुलाला शहरात शिकायचे तर आधी पाठ टेकायला जागा आणि दोन वेळचे अन्न हवे, हे त्यांनी ओळखले होते. त्याआधी राजाराम कॉलेजच्या मुलांसाठी सर्वांना खुले असे वसतिगृह काढून पाहिले होते, पण त्यात प्रत्यक्षात एकाच जातीची मुले उरली. दार उघडे ठेवले म्हणजे सगळे आत येतात असे नाही, हे महाराज त्या अनुभवातून शिकले. परदेशी विद्यार्थ्यांसाठी प्रवेश खुला आहे असे संकेतस्थळावर लिहून थांबणाऱ्या विद्यापीठांनी हे ध्यानात ठेवायला हवे.

याच परिषदेत कोणीतरी डॉ. शां. ब. मुजुमदार यांची हकीकत सांगितली. ते मूळचे गडहिंग्लजचे, म्हणून मला ती जवळची वाटली. फर्ग्युसन महाविद्यालयात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत आणि वसतिगृहाचे रेक्टर होते. एक मुलगी एका मुलाला खिडकीतून काहीतरी देते हे त्यांनी पाहिले आणि मनात पहिला विचार शिस्तभंगाचा आला. चौकशी केली तेव्हा कळले की तो मुलगा मॉरिशसहून आलेला, काविळीने आजारी आणि एकटा होता, आणि ती मुलगी त्याला जेवण आणून देत होती. परदेशी विद्यार्थ्यांना आपले म्हणणारे कोणीतरी हवे, या विचारातून त्यांनी १९७१ मध्ये सिंबायोसिस सुरू केली. एवढ्या मोठ्या संस्थेची सुरुवात एका रेक्टरने नियमापलीकडे पाहिले, येथून झाली. आमचे अधीक्षक ती हकीकत ऐकताना अगदी स्तब्ध बसले होते.

परतीच्या प्रवासात साताऱ्याच्या पुढे अंधार पडला आणि मला डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणातला एक बारकावा आठवत राहिला. सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ मध्ये त्यांना अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. मात्र निघण्यापूर्वी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळवली होती. १९२० मध्ये, शाहू महाराज आणि आंबेडकर ज्या माणगावच्या परिषदेत एकत्र आले ती ज्या वर्षी झाली त्याच वर्षी, स्वतः साठवलेले पैसे, मित्राचे कर्ज आणि शाहू महाराजांचे साहाय्य यांच्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. झाले. महाराजांच्या साहाय्याबद्दल आम्ही कोल्हापूरकर नेहमी बोलतो, आणि बोलायलाच हवे. पण त्या परवानगीचा कागद कोणी टंकलिखित केला असेल, कोणत्या नोंदवहीत ती मुदत लिहिली असेल, आणि तीन वर्षांनी हा विद्यार्थी परत आला तेव्हा ती नोंद कोणाला सापडली असेल, हा विचार त्या रात्री पहिल्यांदा माझ्या मनात आला. ती नोंद हरवली असती तर? पूर्व आफ्रिकेतल्या त्या मुलाचे एक जोडपत्र आम्हाला सापडले नव्हते.

परत आल्यावर मी दौऱ्याचा अहवाल लिहिला. नेहमीचा दोन पानी अहवाल मी अकरा पानी केला आणि त्यासोबत तीन स्वतंत्र टिपण्या सादर केल्या. गुणपत्रिकेच्या मागे कमाल गुण, उत्तीर्णतेची मर्यादा आणि श्रेयांकांचे तास छापावेत, ही पहिली. परदेशी विद्यार्थी कक्षातील कर्मचाऱ्याची बदली करताना नव्या माणसाबरोबर किमान एक प्रवेश हंगाम जुन्या माणसाने काम करावे, ही दुसरी. पुढच्या परिषदेला कक्षातल्या कनिष्ठ लिपिकेला पाठवावे, ही तिसरी. पहिली मान्य झाली आहे आणि परीक्षा विभागाकडे नमुना गेला आहे. उरलेल्या दोन्हींवर चर्चा चालू आहे, आणि मी दर सोमवारी त्यांची विचारणा करते.

दरम्यान मी एक जाड वही घातली आहे. ज्या देशातून विद्यार्थी येईल त्या देशाचे एक पान: तेथील शालान्त परीक्षेचे नाव, मंडळ, गुणांची पद्धत, कोणता कागद कोठून मिळतो, कोणाशी बोलावे. बदली झालेल्या त्या वरिष्ठ लिपिकांना मी दोन शनिवार बोलावून घेतले. त्यांनी आपण होऊन तिसराही शनिवार दिला, आणि त्यांच्या डोक्यातले बरेच काही आता कागदावर आले आहे. पूर्व आफ्रिकेच्या पानावर ते जोडपत्र कोणते आणि कोठून मागवायचे, हे लाल शाईने लिहिलेले आहे.

गेल्या आठवड्यात पोलंडमधल्या एका विद्यापीठातून देवाणघेवाणीच्या योजनेखाली आलेल्या मुलीची गुणपत्रिका आली. कनिष्ठ लिपिकेने ती बराच वेळ पाहिली आणि मग माझ्या टेबलाशी येऊन म्हणाली, “मॅडम, हिचे वर्षाचे साठ दिसतात आणि आपले चाळीस. हिला दीड वर्ष धरायचं का?” मी वही तिच्यापुढे सरकवली. तिने चौकट काढलेले पान वाचले, कागदाचा एक तुकडा घेतला आणि एकेका विषयापुढे, वर्षाचा कितवा भाग, ते लिहू लागली. खिडकीपलीकडे ती मुलगी पाठीवरची पिशवी न उतरवता उभी होती. लिपिकेने मान वर करून तिला आत येऊन बसायला सांगितले आणि शिपायाला पाणी आणायला पाठवले.